आठ फेऱ्यांचं भाकीत

शुक्रवारी रात्री भांडी विसळून झाली
की मी पेन्सिलीला टोक काढतो.
निवृत्त रसायनशिक्षक, वय अडुसष्ट,
मोंटानातल्या ड्राय फोर्क गावच्या साप्ताहिकाचा बिनपगारी ज्योतिषी.
ग्रहांऐवजी माझ्याकडे फेऱ्यांच्या वेळा:
पंच्याहत्तर, सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, आणि शेवटची,
जिच्यात पोर नक्की कोण आहे ते कळतं.

मुलं, सोळाशे मीटर. लिहिलं:
कोल्टर हौगेन, चार मिनिटं बावीस, निश्चित.
'निश्चित' हा शब्द मी दर मे महिन्यात सोडतो,
लोक सिगारेट सोडतात तसा.

मुली, बत्तीसशे.
ब्रिन ओस्टबी पहिली, दहा अठ्ठावन्न.
डेलनी रास्क दुसरी, नऊ सेकंद मागे.
तिसऱ्या जागेवर बराच वेळ खोडरबर फिरवलं.
उरलेल्यांसाठी एकच शब्द: 'इतर'.

वाऱ्यासाठी रकाना नव्हता.

शनिवारी तो पश्चिमेहून आला,
गव्हाच्या कोठारांवरून, उभ्या ट्रकांवरून.
उंच उडीची गादी दोरानं बांधून ठेवावी लागली.
पहिल्या दोनशे मीटरांतच हौगेनच्या टाचेवर
कुणाचा तरी खिळ्यांचा बूट पडला.
उरलेल्या साडेतीन फेऱ्या तो एका बुटावर धावला,
एक पाऊल टक्, एक पाऊल मुकं.
पाचवा. चार एकोणचाळीस.
बूट मीच उचलून नेऊन दिला.
तो "थँक यू, सर" म्हणाला,
आणि मी माझा शब्द गिळला.

मुलींची शर्यत रखडत साडेसातला सुरू झाली, ऊन तिरपं.
पलीकडच्या लांब बाजूला वारा थेट तोंडावर,
कुणालाच पुढे व्हायचं नव्हतं.
पहिली फेरी नव्वद सेकंद, वरातीच्या चालीनं.
मग ओस्टबी बाहेरून पुढे गेली,
दार वाजल्यावर घरात कुणीतरी एकानं उठावं, तशी.
रास्क तिच्या पाठीशी, हातभर अंतरावर.
सात फेऱ्या एकीनं वारा खाल्ला,
दुसरीच्या वाट्याला उष्टा.

अलीकडच्या बाजूला सूर्य त्यांच्या मागे यायचा,
आणि घड्याळाशेजारी उभा होतो म्हणून मला दिसलं:
ओस्टबीच्या सावलीच्या खांद्यावर
दुसरं एक डोकं.
शेवटच्या वळणानंतर आधी सावली पुढे गेली,
मग रास्क.
अकरा चौदा. अकरा सतरा.

नंतर गवतावर बुटांच्या नाड्या सोडत ओस्टबी म्हणाली,
"दिसत होती मला ती. जमिनीवर. पूर्ण वेळ."
मग वेग कमी करून तिलाच पुढे का नाही घातलंस?
तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वर्षानुवर्षं
समीकरण न मांडता उत्तर मागणाऱ्यांकडे पाहिलं.
"मग कुणीच धावलं नसतं, मिस्टर थॉर्सबी."

वृत्तांत लिहिला एकशेवीस शब्दांचा.
गारपीट-विम्याची जाहिरात आली, साठ उरले.
'रास्कचा चतुर विजय.' खरंच आहे ते.
सावली कापली गेली.

सोमवारी फोन. मला वाटलं ओस्टबीचा बाप.
बाई होती, हळू बोलणारी, मागे ट्रॅक्टर चालू.
"चौदावी आली ती क्विलन. तुम्ही क्विलियन छापलंत."
माफ करा, म्हटलं.
"नाही हो, रागावले नाही. आजवर कधी छापूनच आलं नव्हतं,
तर चुकणार कुठून?"

वही उघडली. हॅटी क्विलन, बारा एकावन्न.
त्याआधी तेरा चार.
म्हणजे त्या वाऱ्यात, त्या सगळ्या मैदानावर,
स्वतःच्या वेळेपुढे गेलेली ती एकटीच,
आणि ती रेषेवर आली तेव्हा
मी पाठ करून रास्कच्या आडनावाचं स्पेलिंग विचारत होतो.

आज पुन्हा शुक्रवार.
ओस्टबी, रास्क. रास्क, ओस्टबी. क्रम ठरत नाही.
'इतर' खोडलं. त्या जागी, एकेक अक्षर मोजत:
क्विलन, बारा चाळीस.
पुढे तो जुना शब्द लिहायला हात गेला.
पेन्सिल ठेवली,
आणि अंगणातली झाडं किती हलताहेत
ते बघायला दार उघडलं.